राणीबाग लहान मुलांसोबत: कधी निघावं, कोणत्या क्रमाने पाहावं आणि घोळ कुठे होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीचं कुटुंब, मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, सोबत गुडघेदुखी असलेल्या आजी. मागच्या खेपेला मे महिन्यात रविवारी साडेअकराला राणीबागेत, म्हणजे मुंबईतल्या भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात पोचले. पेंग्विनच्या रांगेत मुलगा रडला, वाघ झोपलेला होता, मुलीने खाल्लेलं उलटून टाकलं आणि सगळे वैतागून परतले. या वेळी नीट कसं करावं?

यात मुलांचा दोष नाही आणि राणीबागेचाही नाही. वेळ आणि क्रम चुकला. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे, पण चार वर्षांच्या मुलाचं मन आणि पाय अडीच तासांच्या वर टिकत नाहीत. त्यात खाणं, शू आणि नुसतं खारीमागे धावणं धरलं, तर प्राण्यांसाठी हातात सव्वा ते दीड तास उरतो. म्हणून चार ठिकाणं ठरवा. बाकीचं वाटेत दिसलं तर दिसलं.

वार कोणता, हे आधी ठरवा. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी बंद. हा फटका पुष्कळांना बसतो, कारण सुट्टीला जोडून रजा घेतलेली असते. दरवाजा साडेनऊला उघडतो आणि आपण तेव्हा दारात असायचं. मंगळवार-गुरुवारी गर्दी कमी असते हे खरं, पण डोंबिवलीहून साडेनऊला भायखळ्याला पोचायचं म्हणजे आठच्या सुमारास ऑफिसची लोकल पकडायची. दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन तो प्रकार करू नका. रविवारी गाडीत जागा मिळते, पण बागेत लोटालोट असते आणि परतताना रुळांच्या दुरुस्तीसाठीचा रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येतो. ब्लॉक सहसा दहा-अकराच्या पुढे सुरू होतो, म्हणून जाताना कळत नाही. एक-दीडला भुकेली मुलं घेऊन फलाटावर उभं राहिलं की कळतं. तुमच्यासाठी शनिवार सगळ्यात बरा. गाडीतली गर्दी रोजच्यापेक्षा कमी, मेन लाइनचा दिवसाचा मेगाब्लॉक सहसा नाही आणि बाग साधारण अकरापर्यंत मोकळी. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. ते सुंदर असतं, पण प्राणी पाहायचे असतील तर त्या दिवसांत जाऊ नका.

ऋतूचंही तसंच. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळांच्या सहली येतात. एकदम दोन बस रिकाम्या झाल्या की काचेसमोर चार वर्षांच्या मुलाला फक्त दप्तरं दिसतात. पावसाळ्यात गर्दी कमी आणि झाडं बघण्यासारखी, पण फरशीवर शेवाळ असतं; मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला आणि छत्रीऐवजी रेनकोट आणा. गर्दीत छत्रीच्या काड्या बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. मे महिना शक्यतो टाळाच.

प्रवास: भायखळ्याला उतरून पूर्वेला बाहेर पडा. मोठ्या माणसाला दहा मिनिटांची वाट आहे. मूल चालत आलं तर पंधरा-वीस. त्याला इथे चालवू नका. पायांत जी ताकद आहे ती आत लागणार आहे, त्यामुळे टॅक्सी करा, आजींसाठी तर नक्कीच. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला बदलून मध्य रेल्वेची धीमी गाडी घ्यावी. बाबागाडी आतल्या रस्त्यांवर चालते, पण लोकलमध्ये आणि पुलाच्या जिन्यांवर ती ओझं होते. धाकटीसाठी पुढे बांधायची कापडी झोळी सगळ्यात सोयीची, कारण हात मोकळे राहतात. गाडी घेऊन येण्याच्या फंदात पडू नका. सुट्टीच्या दिवशी आंबेडकर रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळची चांगली वेळ जाते.

तिकीट ऑनलाइन काढता येतं, ते आदल्या रात्रीच काढा. 2017 साली दर बदलले तेव्हा आई-वडील आणि दोन मुलांसाठी एकत्र 100 रुपये, सुट्या मोठ्या माणसाला 50 आणि लहान मुलाला 25 रुपये असे ठरले. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर चालू दर आणि वेळा बघून घ्या. पेंग्विनसाठी वेगळं तिकीट नसतं.

आत शिरल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह. "लागली आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं आणि दहा मिनिटांनी पाणघोड्यासमोर "लागली" होतं. "चल, जाऊन येऊ" म्हणा आणि न्या. पुढेही दर पाऊण तासाने तेच. सोबत कागदी साबण, एक जुना नॅपकिन, मुलाची जादा चड्डी-पँट आणि मुलीचे तीन डायपर.

आता क्रम. शनिवारी, रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दार उघडल्यावर सरळ पेंग्विनकडे जा, वाटेत थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासात रांग नसते किंवा छोटी असते. अकरानंतर ती वाढतच जाते. हाच बेत मंगळवारी असेल तर क्रम उलटा करा: आधी वाघ-बिबट्या-अस्वल आणि उन्हं चढल्यावर पेंग्विन. याचं कारण साधं आहे. वाघ, अस्वल सकाळी बाहेर सोडल्यावर थोडे फिरतात, हुंगतात, पाणी पितात आणि ऊन तापलं की आडवे होतात. वाघ दिवसातले सोळा-सतरा तास झोपून काढू शकतो, त्यात तो आजारी किंवा कंटाळलेला असण्याचा संबंध नाही. पेंग्विनना मात्र बाहेरच्या उन्हाशी देणंघेणं नाही. त्यांच्या दालनातलं तापमान 16 ते 18 अंश ठेवलेलं असतं, दहा वाजता असतात तसेच ते एक वाजता असतात. म्हणून गर्दी नसेल तर पेंग्विन दुपारसाठी राखून ठेवावेत, मुलं तिथे गारही होतात. फक्त आत जाताना घामाने भिजलेलं मूल तसंच नेऊ नका. पाठ-मान कोरडी पुसून न्या. दीड वर्षाच्या मुलीला एक पातळ पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाला.

पेंग्विन कसे दाखवायचे तेही सांगायला हवं, कारण बहुतेक मुलं "छोटे आहेत" म्हणून दोन मिनिटांत मागे फिरतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. 2016 च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि 2017 च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. पुस्तकातल्या चित्रांमुळे मुलांच्या डोक्यात बर्फ असतो. हे बर्फातले नाहीत. थंड समुद्रप्रवाहाच्या काठी, खडकांवर आणि मातीच्या बिळांत राहणारे आहेत. उंची पाऊण मीटरच्या आत, वजन चार-पाच किलो, म्हणजे तुमच्या मुलाच्या कमरेच्या जरा वर डोकं येईल. त्याला काचेशेजारी उभं करून हे मापच दाखवा. मग पाण्याकडे वळा. काठावर तुरुतुरु, डुलत चालणारा हाच पक्षी पाण्यात शिरला की पंख मारत झेपावतो. पायाने पोहत नाही, पंखांनी पोहतो, जणू पाण्यात उडतोच आहे. मुलाला हे शब्दांत सांगू नका. "पाय हलतोय की हात?" एवढंच विचारा, तो स्वतः शोधेल. एखादा पेंग्विन कोपऱ्यात गबाळा, पिसं विस्कटलेला दिसला तर तो बहुधा पिसं बदलतो आहे. वर्षातून एकदा दोन-तीन आठवडे हे चालतं आणि तोवर तो पाण्यात जात नाही. फ्लॅश बंद ठेवा, काचेवर टकटक करू देऊ नका. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर मुलाचं कपाळ काचेच्या जवळ आणून बाजूने हाताचा आडोसा धरा.

तिथून वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याकडे. तिन्ही बघायलाच हवेत असं नाही. जो हलताना दिसेल त्याच्याजवळ दहा मिनिटं थांबा, झोपलेल्याला एक मिनिट पुरे. तरस निशाचर असल्यामुळे दिवसा बहुतेक झोपलेलाच सापडतो. मुलीची इथे अपेक्षाच ठेवू नका. दीड वर्षाच्या मुलाला सावलीत वीस मीटरवर पडलेला वाघ दिसतच नाही. पट्टे आणि पाचोळा तिला एकच. तिच्यासाठी प्राणी म्हणजे जवळ असलेलं, हलणारं, आवाज करणारं काहीतरी. कावळा, खार, रवंथ करणारं हरीण, पाण्यातलं बदक हे तिचे खरे प्राणी. तिने वाघाकडे पाठ करून मुंग्या बघितल्या तर बघू द्या.

कठड्यावर मूल बसवायचं नाही, एका हाताने धरलेलं असलं तरी नाही. फोटोसाठी हे सर्रास होतं. मूल अचानक मागे फेकलं जातं ते आपण दुसऱ्या हाताने फोन सावरत असताना. दिसत नसेल तर कडेवर घ्या आणि स्वतः कठड्यापासून एक पाऊल मागे राहा. काच असेल तिथे उलट करा: आपणच खाली उकिडवे बसा. चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असतात. तिथून काय दिसतं ते बघितलं की "अरे तो बघ ना, तिकडे" असं ओरडणं आपोआप कमी होतं. पुष्कळदा आपल्याला दिसणारा प्राणी त्याच्यासमोर गजाआड किंवा झुडपाआड असतो.

पाणघोडा मात्र चुकवू नका. अनेक जण येतात, पाणी बघतात, "नाहीये" म्हणतात आणि जातात. तो असतो, पाण्याखाली. मोठा पाणघोडा साधारण पाच मिनिटांपर्यंत श्वास रोखतो आणि मग त्याला वर यावंच लागतं. म्हणून तिथे उभं राहून आकडे मोजा. चार वर्षांच्या मुलाला दहापर्यंत येत असतील तर दहा दहाच्या फेऱ्या करा. पाणी आधी किंचित हलतं, मग दोन नाकपुड्या उघडतात आणि फुर्र असा जोरात श्वास सुटतो, तुषार उडतात. पाठोपाठ डोळे आणि लहानसे कान वर येतात आणि कान गरगर फिरवून तो त्यातलं पाणी झटकतो. नाक, डोळे, कान एकाच रेषेत डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, म्हणजे बाकीचं धूड पाण्यात ठेवून त्याला सगळं कळतं. एकदा हे पाहिलेलं मूल पुढे "अजून एकदा" म्हणून अर्धा तास काढतं. काढू द्या. ठरवलेल्यातलं एखादं ठिकाण सुटलं तरी चालेल.

मगर आणि सुसर यांच्यासमोर "हा पुतळा आहे" असं मूल हमखास म्हणतं. थंडीत सकाळी त्या काठावर ऊन खात निपचित पडतात, कधी तोंड उघडं टाकून. तोंड उघडं ठेवणं हे शरीराचं तापमान सांभाळण्यासाठी असतं, राग नव्हे. फरक सोपा आहे: सुसरीचं तोंड लांब आणि चिंचोळं, मगरीचं रुंद. हलवून बघण्यासाठी खडा मारणारं कुणीतरी तिथे भेटतंच. मुलासमोर शांतपणे, पण ऐकू जाईल असं थांबवा. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं आणि कचरा टाकणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हे आहेत. बिस्किट टाकण्यामागे प्रेम असतं हे मान्य, पण हरणाच्या पोटात त्यासोबत प्लॅस्टिकचं वेष्टनही जातं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते साठून राहतं, पचत नाही आणि बाहेरही पडत नाही.

पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात माणसं आत चालत जातात, पक्षी डोक्यावरून उडतात. धाकटीचा दिवस इथेच सार्थकी लागेल. अशा पिंजऱ्याचा नियम एकच: मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. खाऊ पिशवीत बंद. मुलाला आत धावू देऊ नका. धावलं की जवळचे पक्षी वर जातात आणि दहा मिनिटं खाली येत नाहीत. दाराजवळ थांबण्यापेक्षा पाण्याच्या काठी किंवा खाण्याच्या ताटलीजवळ एका जागी उभे राहा.

आता आजी. त्यांनी सगळीकडे फिरायची गरज नाही. पेंग्विन त्यांना सोबत दाखवा, नंतर सावलीतला एक बाक ठरवून तिथे पाणी-खाऊची पिशवी घेऊन बसू द्या आणि तुम्ही दोघांनी मुलांना घेऊन छोट्या फेऱ्या मारा. मुलांना परत यायला एक ठिकाण मिळतं, ओझं कमी होतं आणि थकलेली धाकटी आजींच्या मांडीवर झोपते. फक्त बाक निवडताना वर बघा. राणीबागेत कैलासपतीची झाडं आहेत, त्यांना तोफगोळ्यासारखी जड फळं लागतात. त्याखाली बसू नका. पण खाली पडलेलं त्याचं फूल मुलाच्या तळहातावर नक्की ठेवा: जाड, मांसल, गुलाबी पाकळ्या, मध्ये नागाच्या फण्यासारखा वाकलेला पुंकेसरांचा झुबका आणि आत लिंगासारखा लहान उंचवटा. वास गोड आणि जबरदस्त. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, हे मुलांना फार नवल वाटतं. गोरखचिंचेचं खोड दोघांनी हात पसरून कवेत येतं का ते बघा. ही मूळची वनस्पती बाग आहे, 1860 च्या दशकात उभी राहिलेली. प्राणी झोपलेले असतात तेव्हा झाडं कामाला येतात.

खाणं साडेदहा-पावणेअकराला, भूक लागायच्या आधी. भूक लागल्यावर रडणं सुरू झालं की मूल खातही नाही. मऊ पोळीचा गूळ-तूप लावलेला रोल, इडली, सोललेली संत्र्याची फोड, केळं. वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं नकोत. तहान वाढते आणि वेष्टनाचा कचरा होतो. उघड्यावर हातात धरलेल्या घासावर कावळे आणि घारी टपून असतात, म्हणून झाडाखाली डबा मांडीवर ठेवून खा. मागच्या वेळची उलटी बहुधा प्रवासाआधी पोटभर पाजलेलं दूध, ऊन आणि नंतरचं थंड सरबत या तिन्हीची मिळून झाली असावी. या वेळी निघण्याआधी तासभर दूध थांबवा आणि हलकं काहीतरी द्या. पाणी मुलाला दर अर्ध्या तासाला पाच-सहा घोट, मागितलं नाही तरी. दोन मुलांना मिळून एक लिटर आणि मोठ्यांना वेगळं, सगळं स्टीलच्या बाटल्यांत.

हरवण्याची तयारी दारातच करा, यावर दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही, असं होतंच. मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. नावाने हाक मारणाऱ्यावर मूल विश्वास ठेवतं. त्याला तीनच गोष्टी शिकवा: मी दिसलो नाही तर जागचा हलायचं नाही, मोठ्याने "आई" असं न ओरडता आईचं पूर्ण नाव घेऊन ओरडायचं, आणि गणवेशातल्या काकांना किंवा मूल सोबत असलेल्या मावशीला सांगायचं. खरंच दिसेनासं झालं तर दोघांनी दोन दिशांना धावू नये. एकाने शेवटच्या जागी थांबायचं, दुसऱ्याने सगळ्यात जवळच्या सुरक्षारक्षकाला फोटो दाखवून दारावर निरोप द्यायला लावायचा, मग शोधायचं.

घरून निघताना प्राण्यांची यादी कबूल करू नका. मुळाक्षरांच्या तक्त्यावर जिराफ आणि झेब्रा असतात म्हणून ते राणीबागेत असतील असं नाही आणि "सिंह कुठंय" याचं उत्तर देण्यात सकाळ जाते. "मोठ्या बागेत जायचं, पाण्यात पोहणारे पक्षी बघायचे" एवढं सांगा. एखादा प्राणी पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालताना दिसला आणि मुलाने कारण विचारलं, तर "नाचतोय" म्हणू नका. "त्याला कंटाळा आलाय, जागा कमी आहे" हे चार वर्षांच्या मुलाला नीट कळतं. भीती वाटली तर पुढे ढकलू नका. कडेवर घेऊन दहा पावलं मागे उभे राहा, तो स्वतःच पुढे जाऊ म्हणेल.

बाराला निघा, मूल अजून आनंदात असतानाच. जाताना शेवटचं काहीतरी हवं असतं, त्यासाठी दोन जागा आहेत. बागेत काळा घोडा आहे, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा. फोर्टमधल्या काळा घोडा चौकातून तो 1965 साली इथे हलवला. आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे; इंग्रजीत त्या बेटाला एलिफंटा म्हणतात ते याच हत्तीवरून. त्याचा "निरोप" घेतला की मूल दाराबाहेर रडत नाही.

स्टेशनवर जाण्याआधी पुन्हा एकदा स्वच्छतागृह, मुलीचा डायपर, दोघांना पाणी. साडेबारा-एकच्या गाडीला डोंबिवलीकडे गर्दी बेताची असते. भायखळ्याहून धीमी घेतली तर थोडा वेळ जास्त लागेल, पण बसायला जागा मिळते आणि कुर्ल्याच्या आत दोन्ही मुलं झोपलेली असतात. डोंबिवलीला उतरवताना एकाने एक मूल आधीच उचलून ठेवायचं, कोपरची वाट बघायची नाही.